जुनेर, बांबू आणि केळीचे सोपट : एका चित्रकाराची खानदेशातील खरेदी

जळगावात राहून मी लाकडी ठशांची छपाई करते आणि चित्रे काढते. माझ्या कामाच्या खोलीत येणारे पाहुणे भिंतीवरच्या चित्रांइतकेच खोलीतल्या वस्तूंकडेही पाहतात आणि त्या मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रदर्शनातून आणल्या असाव्यात असे समजतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक वस्तू खानदेशातच, आठवडी बाजारात किंवा करणाऱ्याच्या ओट्यावर बसून घेतलेल्या आहेत. त्यांपैकी ज्या मी पदरचे पैसे देऊन घेतल्या आणि किमान दोन उन्हाळे वापरल्या, तेवढ्यांविषयीच येथे लिहीत आहे. कारण भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डिंक, रंग आणि शिवण यांची परीक्षा आपोआप होते.

सर्वांत आधी गोधडी. अमळनेर तालुक्यातील एका गावात साठीच्या पुढच्या एक जिजी मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात. मी माझ्या आईची दोन सुती नऊवारी लुगडी आणि एक जुने धोतर घेऊन गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कोन्ता रंग वर जोयजे तुले?” वरचा रंग ठरल्यानंतरचे सगळे निर्णय मात्र त्यांचे होते. जांभळ्या लुगड्याचा काठ त्यांनी चौकटीसारखा चारही बाजूंनी फिरवला, विरलेल्या भागावर गुलाबी तुकड्यांची ठिगळे चढवली आणि एका कोपऱ्यात, रंग फारच गडद वाटतो म्हणून, धोतराचा पांढरा त्रिकोण बसवला. हा त्रिकोण मी रोज पाहते. एखाद्या चित्रात मोकळी जागा नेमकी कोठे सोडावी हे शिकायला मला कलाशाळेत जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात त्यांच्या हातून कितीतरी गोधड्या झाल्या असतील.

शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनात चौकोन असा धावदोरा आत आत सरकत मध्यावर येऊन थांबतो. टाका लहान आणि जवळजवळ असल्यामुळे आतील थर धुतल्यावर गोळा होत नाहीत. माझी गोधडी आजवर पंधरा-वीस वेळा तरी धुतली गेली असून तिचा एकही टाका उसवलेला नाही. शिलाईचे मी १,५०० रुपये दिले. जवळजवळ महिनाभराचे काम पाहता हा मोबदला कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढच्या खेपेस मी स्वतःहून जास्त देणार आहे. याउलट, ‘हातशिलाईची’ म्हणून एका दुकानाकडून ऑनलाइन मागवलेली गोधडी याच्या दुपटीने महाग निघाली. तिच्यावरचे टाके यंत्राचे होते आणि कापड कृत्रिम धाग्याचे असल्यामुळे ती अंगावरून घसरत असे व रात्री घाम येई. घरोघरी सुती लुगडी कमी होऊन कृत्रिम साड्या आल्याने जुनेरच, म्हणजे गोधडीत जाणारे जुने कापडच, बदलले आहे. म्हणून गोधडी शिवून घ्यायची असेल, तर आईची किंवा आजीची सुती लुगडी घरात आहेत तोवर ती बाजूला काढून ठेवावीत.

दुसरी वस्तू म्हणजे धडगावच्या बाजारातून २५० रुपयांना घेतलेली बांबूची टोपली. बांबूच्या सालीकडचा भाग कठीण आणि आतला गर मऊ असतो. चांगला कारागीर काठाला आणि बुडाला सालीचीच पट्टी वापरतो. घाईत केलेल्या टोपलीत तेथे गराची पट्टी असते आणि ती वर्षभरात मोडते. घेताना काठ अंगठ्याने दाबून पाहावा आणि टोपली पांढऱ्या कापडावर आपटावी. बारीक पिवळसर भुसा पडला, तर भुंगा लागलेला आहे असे समजावे. बांबूतील पिष्ट खाण्यासाठी हा किडा येतो, म्हणूनच जाणकार लोक तोडलेला बांबू पाण्यात भिजवून मग विणायला घेतात. माझ्या टोपलीत दोन वर्षांपासून शाईचे जड डबे आहेत, तरी बूड जराही खचलेले नाही. तिची वीण मध्यावर दाट आणि कडेला किंचित विरळ होत जाते, त्यामुळे उन्हाची तिरीप आली की जमिनीवर जी जाळी पडते, ती मी दोन ठशांत कोरली आहे.

खानदेशात बांबूकडे कलेचे साधन म्हणून पाहण्याला एक मोठा दाखला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते आणि त्यांनी बांबूसारखे गावातच मिळणारे साहित्य घेऊन ते काम उभे केले. आज हस्तकलेच्या दुकानांत याच बांबूवर चकचकीत वार्निश आणि सोनेरी फीत चढवून तो विकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

केळीच्या धाग्याच्या हातकागदाबद्दल माझे मत संमिश्र आहे. केळीचे झाड एकदाच घड देते. त्यानंतर उरलेल्या खोडाची सोपटे खरवडून धागा काढतात आणि रावेर-यावल पट्ट्यात अशा खोडांना तोटा नाही. कागदाचा पोत फार सुंदर आहे, पण त्याला खळ पुरेशी नसल्यामुळे पातळ शाई पसरते. जाड शाईने ठसा उमटवणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा. जलरंगासाठी मी तो सुचवणार नाही.

चित्रांमध्ये नंदुरबारच्या एका प्रदर्शनात घेतलेले, एका तरुण भिल्ल चित्रकाराचे लहानसे चित्र माझ्या संग्रहात आहे. ठिपक्यांनी भरलेला मोर आणि त्याच्या पोटात अख्खे शेत. सातपुड्यापलीकडच्या झाबुआतील भिल्ल चित्रकार भुरीबाई भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर म्हणून गेल्या, तेथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रे काढण्यास प्रोत्साहन दिले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या परंपरेतला हा मुलगा ट्रॅक्टर आणि मोबाइलचा मनोराही तितक्याच सहजपणे ठिपक्यांत बसवतो, हे मला विशेष आवडले.

शेवटी विकत न मिळणारी, पण मला सर्वांत प्रिय असलेली जागा : चाळीसगावातील कलामहर्षी केकी मूस यांचे कलादालन. १९८९ मध्ये निधन होईपर्यंत मूस अनेक दशके रेल्वे स्थानकाजवळच्या या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, केवळ प्रकाशाच्या योजनेने त्यांतून दूरवरचा देखावा उभा करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रे येथे पाहायला मिळतात; मी प्रत्येक खेपेस त्यांच्यासमोर अर्धा तास तरी थांबते. चित्रे, मातीची शिल्पे आणि कागदाच्या घड्यांचे कामही आहे. जाण्यापूर्वी वेळेची चौकशी करावी, सकाळच्या गाडीने जावे आणि लहान मुलांना आवर्जून सोबत न्यावे. माझ्या पुतण्याने तेथून परतल्यावर त्याच संध्याकाळी त्या बांबूच्या टोपलीमागे विजेरी धरून भिंतीवर जंगल उभे केले होते.