पंचगंगेचा पूर आणि स्नॅप: फिल्टर चांगले, डीफॉल्ट सेटिंग नाही

युरोपियन अवकाश संस्थेचे स्नॅप हे उपग्रहप्रतिमा हाताळायचे सॉफ्टवेअर मोफत, सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमाही मोफत. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ चा पंचगंगेचा पूर ढगांखालून पाहायचा तर दुसरा स्वस्त मार्ग नाही. अडचण ठिपक्यांची. एका पिक्सेलमधून परतणाऱ्या अनेक रडारलहरी एकमेकींत मिसळतात आणि चित्रभर तीळ विखुरल्यासारखे दिसते. हे ठिपके म्हणजेच स्पेकल, आणि तो सिग्नलच्या पटीत असतो. म्हणूनच ठिपके पुसणारा फिल्टर आकडे डेसिबलमध्ये (लॉग मापात) बदलण्याआधी लावायचा. इथेच बरेच जण चुकतात.

क्रम असा ठेवा: ऑर्बिट फाइल (उपग्रहाची नेमकी कक्षा), थर्मल नॉईज (यंत्राची स्वतःची खरखर) काढणे, कॅलिब्रेशन, मग शिरोळपर्यंतचा हवा तेवढाच तुकडा कापणे, स्पेकल फिल्टर, टेरेन करेक्शन (उंचसखलपणा धरून प्रतिमा नकाशावर बसवणे), शेवटी डेसिबल. थर्मल नॉईज वगळला तर व्हीएच प्रतिमेत (उभी लहर पाठवून आडवी टिपलेली) उपग्रह ज्या उपपट्ट्यांत जमीन टिपतो त्यांच्या सांध्यावर उभी रेघ उमटते, आणि ती कुठल्याही स्पेकल फिल्टरने जात नाही. टेरेन करेक्शन आधी केले तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. मग फिल्टरचा ठिपक्यांचा अंदाजच चुकतो.

आता खरी तक्रार. स्पेकल फिल्टरचा पर्याय उघडला की ली सिग्मा ही पद्धत, ७×७ ची खिडकी (फिल्टर एका वेळी पाहतो तो पिक्सेलचा चौकोन) आणि लुक्स (सरासरीत मिसळलेली निरीक्षणे) १ असे पुढे येते. जीआरडी या नेहमीच्या तयार प्रतिमेत मात्र साधारण चार-पाच लुक्स आधीच मिसळलेले असतात. लुक्स १ ठेवले तर फिल्टर खरखर आहे त्याहून जास्त समजतो आणि गरजेपेक्षा जास्त पुसतो. लुक्स ४ करा, खिडकी ५×५ वर आणा. पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे ७×७ खिडकी ७० मीटर झाली. नदीच्या अरुंद वळणांना ती फार मोठी पडते. बॉक्सकार हा साध्या सरासरीचा फिल्टर तर काठच खातो, त्याच्या वाटेला जाऊ नका. रिफाइंड ली हा फिल्टर काठाची दिशा ओळखतो, पण त्यात बदलायला काहीच दिलेले नाही.

निकाल गुळगुळीतपणावर ठरवू नका. रंकाळ्याचा काठ आणि उजळाईवाडीची धावपट्टी तपासा: कडा सरकल्या तर खिडकी मोठी झाली. धावपट्टी पाण्यासारखीच काळी दिसते, तीही पुरात मोजू नका.

एकाच कक्षेच्या, एकमेकांवर नीट बसवलेल्या सात-आठ तारखा हाताशी असतील तर अनेक तारखा एकत्र वापरणारा मल्टी-टेम्पोरल फिल्टर सगळ्यांत सरस. ठिपके जातात, बांध राहतात. फक्त ८ जीबी मेमरीत हा प्रकार रडवतो. १६ च्या खाली नकोच.

टेरेन करेक्शनमध्ये ९० मीटरचा उंचीनकाशा आपोआप निवडलेला असतो, तो ३० मीटरचा करा. पन्हाळा, गगनबावडा भागातल्या डोंगरसावल्या तरीही पाण्यासारख्या दिसतील, त्या वेगळ्या झाकाव्या लागतात. आणि उभ्या उसाखालचे पाणी कुठलाच फिल्टर दाखवणार नाही: साडेपाच सेंटिमीटरची लहर पाल्यावरूनच परत फिरते.

स्नॅपला पाचपैकी चार.