माजघराला सोनेरी पिवळा: पैसे वसूल, पण आधी ट्यूबलाईट बदला

लातूरच्या जुन्या भागातलं आमचं घर. तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणून माजघरात दुपारी बारालाही दिवा लागतो. या खोलीला यंदा सोनेरी पिवळा इमल्शन मारला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही छटा सगळ्यांच्याच शेड कार्डात आहे, फक्त प्रत्येकाचं नाव निराळं. रंगही दुकानातल्या मशीनवरच तयार होतो.

आधी छटेबद्दल. कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे पिवळा खोलीत कार्डापेक्षा बराच भडक दिसतो. आमच्या आत्याबाईंना झेंडूच्या फुलासारखा हवा होता. मी त्याच पट्टीतली दोन घरं फिकी, जरा मातकट छटा घेतली, आणि भिंतीवर चढल्यावर ती झेंडूचीच झाली. आत्याबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते तोच आणलास की!"

मातकट घेण्याचं दुसरंही कारण आहे. लख्ख लिंबोणी पिवळ्याची खालचं झाकायची ताकद कमी असते, खालचे डाग वर दिसत राहतात आणि पेंटर हातावर हात मारत बसतो. मातीच्या अंगाचा पिवळा लोहाच्या ऑक्साईडमुळे येतो आणि तो चांगला झाकतो. आपल्या आज्या चुन्यात पिवडी कालवायच्या, तीही याच जातीची. अजिंठ्याच्या चित्रांतला पिवळाही मातीचाच आहे, तेव्हा टिकण्याबद्दल शंका नको. तरी आम्हाला दोनाऐवजी तीन हात लागलेच. दहा बाय बाराच्या खोलीला चार लिटरचा डबा पुरला नाही, वर एक लिटर आणावं लागलं. गडद छटेचा बेस (रंगद्रव्य मिसळायच्या आधीचा मूळ रंग) वेगळा असतो, वर रंगद्रव्यही जास्त पडतं, त्यामुळे पांढऱ्यापेक्षा भाव चढा लागतो.

वरचं लिटर आणताना चाचांनी (आमचे पेंटर, या भागातल्या निम्म्या घरांना त्यांचाच हात लागलाय) एक गोष्ट शिकवली. "ताई, नवा डबा तसाच वापरायचा नाही. जुन्यातला उरलेला आणि नवा एका बादलीत ओता, मगच रोलर बुडवा." मशीनचं माप एकच असलं तरी दोन डब्यांत केसाचा फरक राहू शकतो आणि पिवळ्यात तो भिंतीच्या मध्यावर पट्ट्यासारखा उठतो. आमचा तिसरा हात या मिसळीतून झाला. जोड कुठेही दिसत नाही.

खरी मेहनत रंगात नव्हती, खरवडण्यात होती. या भिंतींवर चुन्याचे कित्येक थर, त्यावर डिस्टेंपर. चुन्यावर थेट इमल्शन मारलं की वर्षात पोपडे सुटतात. चाचांनी पत्र्यानं सगळं खाली आणलं. मग पुट्टी, घासपेपर, प्रायमर. खालच्या दीड फुटात लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारे क्षार) होता. तिथलं प्लास्टर काढून नवं केलं आणि ते चांगलं सुकेपर्यंत थांबलो. हा खर्च रंगापेक्षा जास्त झाला. तो टाळून नुसता रंग मारून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रंग पातळ करायला चाचांनी बोअरचं पाणी घेतलं नाही, पिण्याचं मागितलं. लातुरात पिण्याचं पाणी रंगात ओतायचं म्हणजे जिवावर येतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलेली माणसं आम्ही! पण बोअरच्या क्षारांची भिंतीशी परत दोस्ती नको म्हणून मुकाट्यानं घागर दिली.

आता उजेडाचं. जुनी ट्यूब 6500 केल्व्हिनची, निळसर पांढरी. तिच्याखाली हा सोनेरी रंग कावीळ झाल्यासारखा हिरवट दिसत होता. ट्यूब काढून 3000 केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा एलईडी लावला आणि खोलीचं रूपच पालटलं. म्हणून सांगते, डबा घ्यायच्या आधी सॅम्पलची छोटी बाटली घ्या, भिंतीवर हातभर चौकोन रंगवा, रात्री दिवा लावून बघा आणि सकाळी दार उघडूनही बघा.

डब्यावर शिशाबद्दलचा मजकूर वाचायला विसरू नका. भडक पिवळ्यासाठी पूर्वी शिशाचे क्रोमेट सर्रास वापरायचे. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम 2016 चा. घरात रांगतं मूल असेल तर खरवडताना त्याला दुसऱ्या घरी ठेवा, कारण जुन्या थरांत काय आहे ते कुणाला ठाऊक.

उणिवा दोन. स्विचबोर्डाभोवती हातांचे काळे ठसे पांढऱ्यावर दिसावेत तसेच यावरही दिसतात, फक्त ओल्या फडक्यानं निघतात. आणि पश्चिमेच्या बैठकीत हा रंग अजिबात चालणार नाही. एप्रिलमधे चार वाजता तिथं ऊन थेट भिंतीवर येतं, आधीच बेचाळीस अंश, त्यात भिंत पिवळी म्हणजे डोळे दिपून जातील. बैठकीला आम्ही साधा मोतिया ठेवला.

आत्याबाईंना आता स्वयंपाकघरही पिवळं हवंय, हळदीचे डाग दिसणार नाहीत म्हणून. हळदीचे नाही दिसणार, पण फोडणीचा तेलकटपणा दिसणारच. गॅसमागची भिंत टाईल्सचीच राहील, बाकीच्या तीन भिंतींवर आमचं बोलणं अजून चालू आहे.