साऊंडबॉक्स: भाडं वसूल होतं का? जांभळी नाक्याच्या मंडईतून

ठाण्यात जांभळी नाक्याच्या भाजी मंडईत संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड उडते. विकणाऱ्याच्या एका हातात पिशवी, दुसरा काट्यावर, बोटं कोथिंबिरीच्या पाण्याने ओली. अशात फोन काढून मेसेज बघणार कोण? गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या हिरव्या खुणेवर भरवसा ठेवावा, तर खोटी खूण दाखवणारी ॲप्सही निघाली आहेत. म्हणून क्यूआरसोबत मिळणारा साऊंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने बोलून सांगणारा डबा, इथे इतक्या लवकर रुळला. आता गिऱ्हाईकच थांबून विचारतं, "आवाज आला ना?" आणि मावशी मान हलवतात तेव्हाच पिशवी उचलतं.

डब्याला स्वतःचं सिम असतं, त्यामुळे दुकानदाराचा फोन घरी राहिला तरी तो बोलतो. पैसे बँकेत जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून डब्याकडे. सगळं नीट असेल तर दोन-चार सेकंदांचं काम. गर्दीच्या वेळी नेटवर्क तुंबतं आणि पत्र्याच्या शेडखाली सिग्नल आणखी पडतो. मग पैसे खात्यात आणि डबा गप्प, असं होतं. काही डब्यांत नेटवर्क परतलं की अडकलेले आकडे एकामागोमाग वाजतात. कुठले पैसे कुणाचे ते कळायला मार्ग नाही. यावर उपाय एकच: घेताना ४जी सिमचाच डबा मागा आणि तो पत्र्यापासून लांब, गाडीच्या पुढच्या कडेला ठेवा. जुने २जीवाले डबे स्वस्तात मिळाले तरी नकोत.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मात्र नेटवर्कमुळे नव्हे. गाडीवर दोन-तीन कंपन्यांचे क्यूआर चिकटवलेले असतात. कुठल्याही ॲपने कुठलाही यूपीआय क्यूआर स्कॅन होतो, हे खरं. पण डबा फक्त त्याला जोडलेल्या क्यूआरचेच पैसे बोलतो. शेजारचा क्यूआर स्कॅन झाला किंवा कुणी ओळखीने थेट मोबाईल नंबरवर पैसे टाकले, तर डबा बोलणारच नाही. गिऱ्हाईक म्हणतं दिले, मावशी म्हणतात आले नाहीत, आणि दोघांचंही खरं असतं. म्हणून डबा ज्याचा, तेवढाच क्यूआर समोर ठेवा, बाकीचे काढून टाका. रोज सकाळी शेजाऱ्याकडून एक रुपया टाकून घ्या. रात्रीत कुणी आपल्या क्यूआरवर दुसरा चिकटवला असेल, तर तोही तिथेच पकडला जातो.

डबा गप्प राहिला तर आधी दुकानाच्या ॲपमधला व्यवहार बघा, मग गिऱ्हाइकाच्या ॲपमधला बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, जुळवा. त्याच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला मिळालेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत; उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

आवाज मराठीत ठेवता येतो आणि ठेवावाच. पण बसच्या हॉर्नमध्ये एकोणसाठ की एकोणसत्तर, हे कानाला कळत नाही. छोटी स्क्रीन असलेला डबा त्यासाठी थोडं जास्त भाडं देऊनही घ्यावा, आणि शेवटची रक्कम पुन्हा ऐकवणारं बटण आहे का ते बघावं. पावसाळ्यात सगळा डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आवाज घुसमटतो. चार्जिंगचं भोक झाकून स्पीकरची जाळी उघडी ठेवा. बॅटरी नवी असताना काही दिवस पुरते. वर्षभराने रोज रात्री चार्जिंगला लावायची तयारी हवी.

भाडं योजनेप्रमाणे महिना साधारण शंभर-सव्वाशे. दिवसाला पन्नासेक छोटे व्यवहार होणाऱ्या भाजीच्या किंवा वडापावच्या गाडीला ते नक्की परवडतं. महिन्यात दोन बुडीत बिलं वाचली तरी वसूल. दिवसाला दहा गिऱ्हाइकं येणाऱ्या शिलाईच्या दुकानाला फोनवरचा मेसेज पुरे.

जुलै २०२५मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा अनेकांनी क्यूआर उतरवून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. ती धास्ती इथेही बोलण्यात येते. ताज्या, सुट्या भाजीवर जीएसटी नाही, त्यामुळे भाजीवाल्यांनी डबा काढायचं कारण नाही. खाण्याच्या गाडीवाल्यांनी मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या, म्हणजे जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या, जवळ जातेय का, हे हिशेबनिसाला विचारून ठेवावं. यूपीआय आणि रोख दोन्ही त्यात धरले जातात.

डबा नको झाला तर नुसता बंद करून कपाटात टाकू नका. भाडं रोजच्या जमेतून परस्पर कापलं जात राहतं. ॲपमधून परतीची विनंती टाका, माणूस डबा न्यायला आला की त्याच्याकडून पोच घ्या आणि पुढच्या महिन्याची कपात थांबली का, ते तपासा.