रेडिमेड चित्रकार्डांना २ स्टार, कोपऱ्यावरच्या लॅमिनेशनवाल्या काकांना साडेचार

आधी थोडं आमच्याबद्दल, नाहीतर रिव्ह्यू कळायचा नाही. लेक साडेपाच वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. काही पाहिजे असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो आणि माझाच हात त्या कपाटावर आपटतो, आणि आत नेमकं काय पाहिजे ते मला ओळखता नाही आलं की मग रडारड, डोकं आपटणं, शेजारच्यांची बेल, सगळं. स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या पेक्स सुरू करू. म्हणजे चित्र हातात द्यायचं आणि वस्तू घ्यायची, अमेरिकेत डेलावेअरला बॉन्डी आणि फ्रॉस्ट या दोघांनी १९८५ साली काढलेली पद्धत. मी काय, उत्साहात त्याच रात्री ऑनलाइन रेडिमेड सेट मागवला, ९४९ रुपये. कंपनीचं नाव जाऊ दे.

बॉक्स एकदम भारी. आत ब्रोकोली, पॅनकेक, स्नोमॅन, फायरप्लेस. पोळी नाही, वरणभात नाही, झोका नाही, 'नको' तर नाहीच नाही!! सगळी नावं नुसती, पोराला समोर बसवून "हे काय, ते काय" विचारायला केलेली, आणि पेक्सच्या सुरुवातीला तर नेमकं तेच करायचं नसतं. कार्डं चकचकीत पण पातळ, दोन दिवसांत कोपरे चावून लगदा. वाक्याची पट्टी दिलीये त्यावर 'आय वॉन्ट' छापलंय आणि पुढे चित्र लावायला जागा. आता मराठीत 'पाहिजे' शेवटी येतं ना, मग आमच्या घरात ती पट्टी उलटीच. दोन स्टार दिले ते बॉक्सला, त्यात आता आम्ही कार्डं ठेवतो.

मग मोबाइलवर घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानात गेले. (दुकानाचं नाव टाकू नको असं काकांनीच सांगितलंय, दहावी-बारावीच्या सीझनला आधीच श्वास घ्यायला फुरसत नसते म्हणे.) काका म्हणाले "शाळेचं प्रोजेक्ट का ताई?" म्हटलं नाही, मुलगा बोलत नाही, तो हे देऊन मागणार. ते एक मिनिट फोटो बघत बसले आणि मग म्हणाले, "मग टोकं गोल करून देतो, डोळ्यात जायला नको." मला हे सुचलंच नव्हतं.

पहिली बॅच मात्र फसली. आख्खा ए-फोर लॅमिनेट करून मग कापला, त्यामुळे कडा उघड्या राहिल्या आणि लाळ आत जाऊन चार दिवसांत कार्डं सुटली. दुसऱ्यांदा काकांनी स्वतःहून, पैसे न घेता, आधी दोन-दोन इंचाचे फोटो कापले, पाऊचमध्ये सुटे सुटे मांडले आणि लॅमिनेट करून चहूबाजूंनी थोडं प्लास्टिक ठेवून कापले. पाऊच २५० मायक्रॉनचं मागा, १२५ वालं पोरं वाकवतात. पाठीला वेल्क्रो, त्याची मऊ बाजू कार्डाला आणि खरखरीत बाजू कार्डं चिकटवायच्या वहीला, उलटं केलं तर आमचा लेक दिवसभर नखाने खाजवत बसतो.

अर्धा स्टार कापला तो रंगासाठी. लेकाचा जीव शंकरपाळ्यांवर. मी आधी बशीत मांडून सुंदर फोटो काढला होता, त्याने ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या लेखी शंकरपाळे म्हणजे निळ्या झाकणाचा डबा!! मग डब्याचा फोटो काढला तर काकांच्या प्रिंटरने झाकण जांभळं केलं, तेही चाललं नाही. तिसऱ्या प्रिंटला निळं निळ्यासारखं आलं तेव्हा कुठे साहेबांनी कार्ड उचललं.

पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात हे आधीच सांगते. मी समोर डबा घेऊन गप्प बसायचं, नवरा मागे, आणि लेकाने डब्याकडे हात केला की नवऱ्याने तोच हात कार्डावर नेऊन माझ्या तळहातावर ठेवायला लावायचा. कार्ड मिळालं की त्याच क्षणी मी "शंकरपाळे!" म्हणून एक द्यायचं. आधी "काय पाहिजे" विचारायचंच नाही, सुरुवात त्याची. मला गप्प बसणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. पुढे दोन कार्डांतून निवडायचं, त्यात एक मुद्दाम बिनकामाचं ठेवतात. आमच्याकडे पायातला मोजा. त्याने मोजाचं कार्ड दिलं, मी मोजा दिला, त्याने तो माझ्या तोंडावर फेकला, बरोबरच आहे.

पट्टी काकांकडूनच करून घेतली, डावीकडे 'मला', मध्ये रिकामं, उजवीकडे 'पाहिजे'. 'हवा-हवी-हवं' करत बसलो असतो तर तीन कार्डं झाली असती, 'पाहिजे' एकात भागवतं.

सासूबाई म्हणत होत्या, चित्रं हातात दिलीस तर तो कधी बोलायचाच नाही. मॅडमनी त्यांना समजावलं की २००६ साली अशा चित्रं-खुणांच्या पद्धतींवरच्या बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात नीट पुरावा असलेली २७ माणसं होती, एकाचंही बोलणं कमी झालं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. आमच्याकडे अजून शब्द नाही, खोटं कशाला सांगू. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं जेलो ॲप, चित्र दाबलं की बोलणारं, मराठीत आहे आणि फुकट आहे, ते पण लावून पाहिलं, पण आमच्या पोराला मोबाइल म्हणजे फक्त गाण्यांचे व्हिडिओ, त्यामुळे ते सध्या बाजूला.

खर्च म्हणाल तर प्रिंट, लॅमिनेशन, वेल्क्रो धरून चाळीस कार्डांचे साधारण साडेचारशे गेले. प्रत्येकाच्या दोन कॉपी काढाच, एक सोफ्याखाली जाते.

गेल्या रविवारी आजी तेलाची वाटी घेऊन आल्या, तर हा वहीकडे गेला, चर्रकन 'नको' काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या वाटी घेऊन तशाच उभ्या, मग म्हणाल्या "बरं बाबा", आणि वाटी ओट्यावर ठेवून आल्या. काकांना फोन करून पुढच्या बॅचमध्ये 'नको'च्या चार कॉपी सांगितल्यात.