पीएलएफएस : कष्टाचे तास आणि हातात पडणारी रक्कम मोजणाऱ्या सर्वेक्षणाचे परीक्षण

देशातील कामगार आठवड्याला किती तास राबतो आणि त्याबद्दल त्याच्या हाती किती पैसे पडतात, याचे देशव्यापी उत्तर घरोघरी जाऊन शोधणारी सध्याची प्रमुख सरकारी व्यवस्था म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, अर्थात पीएलएफएस. एप्रिल 2017 मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणाचे अहवाल आणि कुटुंबनिहाय मूळ आकडे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय विनामूल्य उपलब्ध करून देते. संशोधक, पत्रकार आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते ही माहिती सतत वापरतात, म्हणून एखाद्या सार्वजनिक सेवेचे करावे तसे तिचे परीक्षण व्हायला हवे. माझे मत आधीच सांगतो. कामाच्या तासांची या सर्वेक्षणातील नोंद ही मोठी प्रगती आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. कमाईची नोंद मात्र तीन वेगवेगळ्या कालावधींत विभागलेली आहे, आणि हे ध्यानात न घेता तिच्यातले सरासरी आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात तेव्हा कामगारांविषयीचे चुकीचे चित्र उभे राहते.

ही प्रगती किती मोठी आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. प्रा. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970 मध्ये बेरोजगारीच्या मोजमापावर अहवाल दिला. भारतासारख्या देशात माणूस एकाच दिवसात शेतकरी, मजूर आणि रिकामा असा तिन्ही असू शकतो, त्यामुळे एकाच आकड्यात बेरोजगारी बसवू नये, हा त्या अहवालाचा गाभा होता. त्या विचारावर आधारलेली पंचवार्षिक रोजगार सर्वेक्षणे 1972-73 पासून 2011-12 पर्यंत झाली. त्यांत मागच्या सात दिवसांपैकी प्रत्येक दिवस ‘पूर्ण’ किंवा ‘अर्धा’ अशा मापाने नोंदवला जात असे. चार तास किंवा अधिक काम केले तर पूर्ण दिवस, एक तास किंवा अधिक पण चारपेक्षा कमी असेल तर अर्धा दिवस. या मापात साडेचार तास भांडी घासणारी बाई आणि बारा तासांच्या पाळीवर उभा असलेला सुरक्षारक्षक यांचा दिवस सारखाच भरत असे.

पीएलएफएसने ही उणीव दूर केली. आता सातही दिवसांचे प्रत्यक्ष काम केलेले तास कामागणिक लिहिले जातात, आणि त्या दिवशी आणखी काही तास काम मिळाले असते तर करण्याची तयारी होती का, हेही विचारले जाते. हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण आकडेवारीत ‘कामावर’ म्हणून गणल्या गेलेल्या पण पोटापुरते काम न मिळालेल्या माणसापर्यंत त्यातूनच पोहोचता येते. साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात मोजली जाते. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय प्रघाताला धरून आहे आणि तिच्यात गैर काही नाही. परंतु बेरोजगारीचा दर वाचताना तासांचा तक्ता सोबत ठेवला नाही, तर त्या दराला फारसा अर्थ उरत नाही.

तासांच्या नोंदीला मर्यादा आहेतच. घरातील एक व्यक्ती इतरांची माहिती सांगू शकते, त्यामुळे मुलगा गोदामात नेमके किती तास थांबला हे आईच्या अंदाजावर ठरते. उत्तरांची गर्दी आठच्या पटींवर होते. स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला, ऑर्डर येईपर्यंत मोबाइलकडे डोळे लावून बसलेला डिलिव्हरी कामगार, दुपारभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला किराणा व्यापारी, यांचे वाट पाहण्याचे तास काम आहेत की नाहीत? कामाच्या वेळेविषयी 2008 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय ठरावाने कामासाठी तयार राहून थांबलेला वेळ प्रत्यक्ष कामाच्या तासांत धरला आहे. पण दारात उभ्या राहिलेल्या प्रगणकाला आणि उत्तर देणाऱ्याला तो तसाच सुचेल असे नाही, आणि ‘किती तास काम केले?’ एवढाच प्रश्न विचारला तर हे तास सहज गळून पडतात.

आता कमाईकडे. नियमित पगारदाराला मागील कॅलेंडर महिन्याचा पगार विचारला जातो. स्वयंरोजगार करणाऱ्याला मागील 30 दिवसांची कमाई विचारली जाते. रोजंदारीवरच्या मजुराची मजुरी मात्र मागील सात दिवसांपैकी ज्या दिवशी काम झाले त्या दिवसाची लिहिली जाते. प्रत्येक गटाला आठवायला सोपा पडेल असा कालावधी निवडण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे आणि प्रश्नावलीच्या दृष्टीने तो योग्यही आहे. अडचण अहवालातील तक्त्यांत सुरू होते.

एप्रिल ते जून 2024 या तिमाहीत नियमित पगारदाराची सरासरी मासिक कमाई 21,103 रुपये आणि सार्वजनिक कामे वगळता रोजंदारीची सरासरी 433 रुपये रोज होती. जुलै ते सप्टेंबर 2017 मध्ये हेच आकडे 16,538 आणि 294 रुपये होते. वाचणारा स्वाभाविकपणे 433 ला 26 ने किंवा 30 ने गुणतो आणि मजुराचे महिन्याचे उत्पन्न अकरा ते तेरा हजार रुपये ठरवून मोकळा होतो. पण 433 ही काम मिळालेल्या दिवसाची मजुरी आहे. ज्या दिवशी नाक्यावर उभे राहून माणूस दहा वाजता रिकाम्या हाताने घरी परतला, तो दिवस या सरासरीत नाही. आठवड्याला तीनच दिवस काम लागले तर महिन्याची रक्कम साडेपाच हजारांच्या आसपास राहते. सात दिवसांची दिवसवार नोंद मूळ आकड्यांत असल्यामुळे मजुराची साप्ताहिक कमाई आणि ताशी मजुरी दोन्ही काढता येतात. अहवालाने ती स्वतःच छापायला हवी, कारण बहुतेक वाचक मूळ फाइलपर्यंत जाणार नाहीत.

याच आकड्यांची वाढ पाहताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. या सात वर्षांत पगारदाराचा आकडा सुमारे 28 टक्क्यांनी आणि रोजंदारीचा सुमारे 47 टक्क्यांनी वाढला, तर ग्राहक किंमत निर्देशांक याच काळात सुमारे 40 टक्क्यांनी चढला. म्हणजे सरासरी पगारदाराची खरी कमाई घटली आणि रोजंदारीवाल्याची किंचित वाढली. शिवाय एक तिमाही पावसाळ्याची आणि दुसरी उन्हाळ्याची, त्यामुळे ही तुलना मोघमच समजावी. कमाईचे मुख्य तक्ते सरासरीचे आहेत, मध्यकाचे (म्हणजे सर्वांना कमाईच्या क्रमाने उभे केले तर मधोमध येणाऱ्याच्या कमाईचे) नाहीत. पगारदारांमध्ये बँकेतला अधिकारी आणि सोसायटीतला सफाई कामगार एकत्र येतात तेव्हा मध्यक सरासरीच्या बराच खाली असतो, आणि सामान्य पगारदाराची स्थिती तोच सांगतो.

स्वयंरोजगाराची कमाई हा या सर्वेक्षणाचा सर्वांत धाडसी आणि सर्वांत डळमळीत भाग आहे. जुन्या पंचवार्षिक सर्वेक्षणांत ती रुपयांत घेतलीच जात नव्हती, म्हणून ती घेण्याचा निर्णय मी पूर्णपणे योग्य मानतो. 2023-24 मध्ये देशातील 58.4 टक्के काम करणारे स्वयंरोजगारात होते, त्यांना वगळून कमाईविषयी बोलणे निरर्थक ठरले असते. परंतु ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘गेल्या 30 दिवसांत किती मिळाले?’ असे विचारले, तर वर्षातील बहुतेक महिन्यांत उत्तर शून्याजवळ येईल आणि कारखान्याचे बिल जमा झाल्यावर एकदम लाखांत जाईल. सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यातही हेच घडते. मुलाखती वर्षभर विखुरलेल्या असल्याने संपूर्ण देशाच्या सरासरीत हा चढउतार बराचसा मिटतो. एका जिल्ह्याचा, एका पिकाचा किंवा एका तिमाहीचा आकडा काढणाऱ्याने मात्र त्यावर भार टाकू नये.

महाराष्ट्रातील काही कामांचे व्यवहार तर या चौकटीत बसतच नाहीत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून हंगामाआधीच घेतलेली उचल त्या मजुरीतून फिटते. प्रश्नावलीला व्यक्तीगणिक आणि दिवसागणिक रक्कम हवी असते. बीडच्या एखाद्या तोडणी कामगार बाईची रोजची मजुरी वेगळी करून सांगायची तर ती घरातही कोणी कधी वेगळी मोजलेली नसते, आणि ज्या आठवड्यात तिने पहाटेपासून मोळ्या बांधल्या त्या आठवड्यात हातात रोख काहीच आलेले नसते. सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते, ठरलेल्या रकमेतला काही भाग धान्यात आणि काही आगाऊ मिळालेला असतो, तरी त्याची कमाई महिन्याच्या रकान्यात उतरवावी लागते. प्रगणकाने शांतपणे बसून हिशेब केला तर हे जमते, घाई केली तर जी रक्कम तोंडी येईल ती लिहिली जाते. म्हणून प्रगणकांचे स्थानिक प्रशिक्षण हा कमाईच्या आकड्यांच्या दर्जाशी थेट जोडलेला विषय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तास आणि कमाई यांमधले अंतर सर्वांत जास्त ताणले जाते. 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील (म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांमधील) सहभाग 2017-18 मधील 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या व्यक्ती 2023-24 मध्ये एकूण काम करणाऱ्यांच्या 19.4 टक्के होत्या आणि त्या स्वयंरोजगारातच मोजल्या जातात. त्यांचे तास नोंदले जातात, कमाईचा रकाना मात्र त्यांच्यासाठी रिता असतो. स्वयंरोजगाराची सरासरी काढताना या व्यक्ती भाजकात धरल्या की वगळल्या, यावर उत्तर खूप बदलते, त्यामुळे असा आकडा उद्धृत करणाऱ्याने ते स्पष्ट लिहिलेच पाहिजे. स्वयंपाक, पाणी भरणे, आजाऱ्यांची सेवा यांसाठी या सर्वेक्षणाकडे पाहूच नये. त्यासाठी 2019 आणि 2024 चे वेळ वापर सर्वेक्षण आहे. त्यात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतला जातो. 2024 मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जात होता. त्या सर्वेक्षणात कमाईचे प्रश्न नाहीत, हे लक्षात ठेवून दोन्ही एकत्र वाचावीत.

वापरण्याच्या सोयीविषयी थोडक्यात. नोंदणी केली की मूळ आकड्यांच्या फाइली उतरवता येतात. आधीच्या वर्षांच्या फाइली सलग अंकांच्या स्वरूपात असून सोबतच्या आराखड्यावरून स्तंभ तोडावे लागतात. भारांकाच्या, म्हणजे नमुन्यातील एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचे हे सांगणाऱ्या आकड्याच्या, स्तंभात दशांश चिन्ह नसते, म्हणून त्याला 100 ने भागण्यापासून सुरुवात होते आणि पुढचे भागाकार सोबतच्या सूचनांत दिलेले असतात. त्या न वाचता काढलेली लोकसंख्या कित्येक पटींनी चुकते. सांख्यिकीचे शिक्षण न घेतलेल्या कार्यकर्त्याला हे काम एकट्याने जड जाईल. सूचना आणि प्रश्नावली मराठीसह प्रादेशिक भाषांत सोप्या टिपणांसह मिळाली, तर ज्यांच्याविषयी ही माहिती आहे त्यांच्या संघटनाही ती तपासू शकतील.

जानेवारी 2025 पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आहे. नमुना 2,72,304 कुटुंबांपर्यंत वाढला, जिल्हा हा रचनेचा मूळ घटक झाला आणि तोवर फक्त शहरांत होणाऱ्या फेरभेटी खेड्यांतही सुरू झाल्या. एकाच कुटुंबाला सलग चार महिन्यांत चार वेळा भेट दिल्याने लागोपाठच्या महिन्यांतील त्याच माणसाचे तास आणि कमाई ताडून पाहण्याची शक्यता ग्रामीण भागासाठी प्रथमच निर्माण झाली आहे, आणि वर सांगितलेल्या 30 दिवसांच्या अडचणीवर हा निदान अंशतः उतारा ठरू शकतो. मे 2025 पासून मासिक पत्रकही निघू लागले, मात्र त्याचा भर श्रमबलातील सहभाग, रोजगाराचे प्रमाण आणि बेरोजगारी या तीन दरांवर आहे. त्याच पत्रकात साप्ताहिक तासांचे वितरण आणि रोजंदारीवाल्याला आठवड्यात मिळालेल्या कामाच्या दिवसांची संख्या जोडावी. ही माहिती मुलाखतीत आधीच गोळा होते, प्रगणकाला एकही नवा प्रश्न विचारावा लागणार नाही.