सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही: गाडी स्वस्तात, पार्ट नव्याच्याच भावात

जर्मन डिझेल एसयूव्ही, ८ वर्षं जुनी, मी दुसरा मालक. नवी असताना ८० लाखांच्या घरातली ही गाडी मला नव्या क्रेटाच्या पैशांत मिळाली. खंडाळ्याचा चढ ती ज्या मस्तीत चढते, त्याला तोड नाही. सीटही अजून कडक.

खरं दुखणं एअर सस्पेन्शनचं. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे. वय झालं की रबराला चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा धावतो आणि शेवटी तोही जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की समजायचं. शोरूमने एका चाकाचे सव्वा लाख सांगितले, मजुरी वेगळी! पिंपरीतल्या एका गॅरेजवाल्याने तोच भाग दुरुस्त करून ४० हजारांत बसवून दिला. विमा इथे कामाचा नाही, झीज त्यात धरत नाहीत.

नुसती शहरात फिरवली तर डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. ती जळून जावी म्हणून मधूनमधून हायवेवर पळवावीच लागते. आमच्या हिला तेवढंच निमित्त पुरतं, लगेच महाबळेश्वर.

घेणार असाल तर सर्व्हिस रेकॉर्ड मागा, गाडीतले बिघाड दाखवणारा स्कॅनर लावा आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही बाजूंची उंची मोजा. विकणारा "रात्रभर कशाला?" म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.

चालवायला ५ पैकी ५, सांभाळायला २.