गुंगीत उभी असलेली घोडी आम्ही शांत समजून घेतली

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही घोडी पाहायला गेलो होतो. तापीकाठच्या त्या बाजारातले भाव आमच्या आवाक्याबाहेरचे निघाले आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या एका दलालाने दुसऱ्या गावातल्या व्यापाऱ्याकडे पाच वर्षांची, स्वारीला पक्की काठेवाडी घोडी ८५,००० रुपयांत मिळेल असे सांगितले. बाजारात व्यवहाराची पावती होते, चार जाणकार आसपास असतात. ते सोडून आम्ही आडगावी गेलो, ही आमची पहिली चूक.

व्यापाऱ्याने आमच्यासमोर एका लहान मुलाला तिच्या पोटाखालून जायला लावले, पाठीवर बसवले, आणि घोडी जागची हलली नाही. तिची मान खाली झुकलेली होती, खालचा ओठ लोंबत होता, पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि अंगावर बसलेली माशीही ती झटकत नव्हती. ही सगळी गुंगीच्या औषधाची लक्षणे आहेत, हे मला नंतर पशुवैद्यकांकडून कळले. त्या वेळी व्यापारी तिच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या किती शुभ आहेत ते सांगत होता आणि आम्ही ते ऐकत होतो. अशा बहुतेक औषधांचा अंमल काही तासांचाच असतो, म्हणून घोडे घेताना ते दोन वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक वेळ आधी न कळवता, पाहावे, आणि पैसे देण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो.

पैसे देऊन तिला घरी आणले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी कोणालाही जवळ येऊ देईना. फोन केल्यावर व्यापाऱ्याने प्रवासाने बिथरली असेल असे सांगून एक चाबूकस्वार, म्हणजे घोड्यांना स्वारी शिकवणारा माणूस, पाठवला, ज्याने सात दिवसांत तिला सरळ करण्याचे १५,००० रुपये घेतले. त्याने तिचा मागचा डावा पाय दोराने वर बांधून ठेवला, पाणी तोडले, तोंडात काटेरी लगाम घातला आणि ती थकून कोसळेपर्यंत गोलात पळवली. आठव्या दिवशी तो तिच्यावर बसून अंगणात फिरला आणि निघून गेला. मी हे सगळे पाहत होतो आणि थांबवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझा मुलगा कडबा टाकायला मागून गेला, तेव्हा तिने लाथ झाडली आणि त्याच्या हाताचे हाड मोडले.

त्यानंतर आलेल्या पशुवैद्यकांनी तिचे दात पाहिले. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने बदलतात. हिची फक्त अगदी मधली, म्हणजे पहिली जोडी बदललेली होती, म्हणजे ती पाच वर्षांची नव्हे, साडेतीन वर्षांच्या आतली होती. पाठीवर खोगिराची एकही खूण नव्हती, जिभेवर मात्र काट्यांच्या ताज्या जखमा होत्या. घोड्यांचा ग्लँडर्स रोग माणसालाही होतो, आणि तपासणीचा दाखला आम्ही मागितलाच नव्हता, म्हणून तिच्या रक्ताचा नमुनाही पाठवावा लागला. तो निर्दोष आला.

आता एक वयस्क मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, रोज येतात. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून ते नेहमी खांद्याच्या दिशेने, तिरके, बोलत बोलत जवळ जातात. तिने कान वळवले की थांबतात, आणि ती शांत उभी राहिली की स्वतःच दोन पावले मागे हटतात. दोराचा ताणही तसाच: तिने एक पाऊल दिले की त्याच क्षणी ताण सैल होतो, कारण ती ताणाने नव्हे, त्या सुटकेने शिकते. काम वीस मिनिटांचेच, कुंपणाच्या आत, पायात भक्कम बूट घालून आणि दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर ठेवून. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हा त्यांचा कडक नियम आहे. घोडी उसळली तर गुंडाळलेल्या दोराने बोटे तुटतात. मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, घालायला नऊ दिवस लागले, मानेवर ब्रश फिरवू द्यायला तीन आठवडे.

पोलिसांत अर्ज दिला आहे, पण रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नाही आणि व्यापाऱ्याचा फोन बंद आहे. जनावराला अपायकारक औषध देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र पहिल्याच दिवशी रक्ताचा नमुना घेतला नसल्याने तेही आम्हाला सिद्ध करता येत नाही. पाठीवर अजून कोणी बसलेले नाही. तीन पाय ती आता उचलू देते, बांधलेला डावा पाय अजून देत नाही.